उंट, साखर, अक्का

लकवा मारल्यानंतर तवनाप्पा मगदुमांच्या तोंडातून पहिला शब्द बाहेर पडला तो ‘उंट’.

मिरजेत उंट हा काही रोज दारावरून जाणारा प्राणी नव्हे. तवनाप्पांनी स्वतः तो आयुष्यात एकदाच पाहिला होता, सांगलीला आलेल्या सर्कशीत, आणि तेव्हाही त्यांचं सगळं लक्ष तंबूचं कापड किती पावसाळे टिकेल याच्याकडे होतं. त्यामुळे इतके दिवस मुकाट पडून राहिलेला माणूस डोळे उघडून, वाकड्या जिवणीनं का होईना पण स्पष्ट ‘उंट’ म्हणाला, तेव्हा आमची अख्खी गल्ली बुचकळ्यात पडली.

“मागल्या जन्माचं असणार काय तरी,” शेजारच्या मनुबाई म्हणाल्या. “जायच्या टायमाला मागचं आठवतंय म्हणं माणसाला.”

“जायच्या न्हाई वो काकू, यायच्या टायमाला,” गोमटेश म्हणाला. गोमटेश हा तवनाप्पांचा एकुलता एक मुलगा. “डॉक्टर म्हणाले, बाबा सुधारायलेत.”

“मग उंट कशाला?”

गोमटेशनं काही सांगितलं असतं तरी मनुबाईंना ते पटलं नसतं. मनुबाई उंचीनं चांगल्या, मान लांब, चाल संथ आणि तोंडात काहीतरी चघळलेलं. कुंपणावरून शेजारच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते बघायला त्यांना स्टूल लागत नाही. गल्लीतली बातमी पेपरच्या आधी त्यांच्याकडे येते, आणि पेपरपेक्षा सविस्तर येते.

या चर्चेत एक बाई मात्र नव्हत्या. तवनाप्पांच्या पत्नी चंदनबाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या चंदनाक्का. त्या कोपऱ्यातल्या मोरीत थर्मास धूत होत्या. नवरा बोलला हे त्यांनी ऐकलं, काय बोलला तेही ऐकलं, आणि थर्मास पालथा घालून त्या झाकण धुवायला लागल्या.

थर्मास घरचाच होता. घरचा म्हणजे दुकानातला. तवनाप्पांचं दुकान मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या बरोबर समोर. आजारी माणसाला अॅडमिट केल्यावर बरोबरच्या माणसाला जे जे आठवतं आणि जे जे आठवत नाही, ते सगळं तिथं मिळायचं. चटई, बादली, तांब्या, उशी, चादर, थर्मास, साबणाची डबी. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘तवनाप्पा मगदूम आणि सन्स’. सन एकच झाला, पण पाटी रंगवली तेव्हा उमेद होती.

मिरजेच्या दवाखान्यांत निम्मी माणसं इकडची आणि निम्मी कर्नाटकातली. त्यामुळे तवनाप्पांची जीभ सकाळपासून दोन्हीकडं पळायची. कवठे महांकाळचा शेतकरी आला की मराठी, अथणीचा आला की कन्नड, आणि दोघं एकदम आले की एकाला चटई दाखवताना दुसऱ्याला उशीची किंमत. गिऱ्हाइकानं चपला काढायच्या आत तो कुठल्या बाजूचा ते आपण ओळखतो, अशी त्यांची बढाई होती. कुठल्या रोगाला काय सामान लागतं हेही त्यांनी बसवलेलं. “अपेंडिक्स? मग चटई नको, बाकड्यावर भागतंय. मांडीचं हाड? आरं बाबा, मग बस खाली, यादी मोठी हाय.” गिऱ्हाईक घाबरायचं, पण यादी न्यायचं.

घरात मात्र वेगळाच कारभार. चंदनाक्कांचं माहेर शेडबाळकडचं, त्यांची जीभ कन्नडची. तवनाप्पा मराठीचे. लग्न झालं तेव्हा दोघांनाही वाटलं की दुसरा थोड्या दिवसांत बदलेल. बदललं कुणीच नाही. चंदनाक्का नवऱ्याशी कन्नडात बोलायच्या, तवनाप्पा बायकोशी मराठीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजायचं. न समजल्याचं नाटक करायची सोय तेवढी कुणालाच राहिली नाही. “ऊटा माडर्री,” म्हणजे जेवून घ्या, असं त्या आतून म्हणायच्या, आणि बाहेरून हे म्हणायचे, “आलो गं, जरा हिशेब मिटवू दे.” पाहुण्यांना वाटायचं, दोन वेगवेगळ्या घरांतली भांडणं एकाच स्वयंपाकघरात चालली आहेत. दिवसभर अथणीकराशी लोण्यासारखं कन्नड बोलणारा हा माणूस घराचा उंबरा ओलांडला की कन्नडाचा एक शब्द उच्चारत नसे. “दुकानातला माल घरात आणायचा न्हाई,” एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

लकवा मारला तोही दुकानातच. खुर्चीतून उठताना उजवा पाय राहिला मागं आणि बाकीचे तवनाप्पा गेले पुढं. रस्ता ओलांडला की दवाखाना, म्हणून चार माणसांनी उचलून नेलं. गोमटेश कुपवाडच्या कारखान्यात कामावर होता. नाव नोंदवायच्या खिडकीपाशी निरोप मिळून आलेल्या चंदनाक्का एकट्या. आतल्या कारकुनानं विचारलं, “पेशंटचं नाव?”

आता झाली का पंचाईत! चंदनाक्कांनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. घेतलं असेल तर उखाण्यात, हळदीकुंकवाला, चार बायकांनी अडवून धरल्यावर. अपघात विभागाच्या खिडकीपाशी उखाणा कुणाला आठवतो?

“आमचे हे,” त्या म्हणाल्या.

“हे काय? नाव सांगा, नाव.”

“आवं, समोर दुकान हाय न्हवं.”

“दुकान अॅडमिट करायचंय का मावशी?”

मग चंदनाक्कांनी हात लांब करून रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. कारकून खुर्चीतून उठला, खिडकीतून बाहेर वाकला, चष्मा वर केला आणि पाटी वाचून नाव लिहून घेतलं. “आणि सन्स पण लिहू का?” असं त्यानं विचारलं म्हणतात. मनुबाई म्हणतात.

ही गोष्ट पुढं गल्लीत पुष्कळ हसून सांगितली गेली. चंदनाक्का ती ऐकत असायच्या, आणि ‘व्हय, तसंच झालं’ म्हणायच्या. हसायच्या नाहीत. रडायच्याही नाहीत. कडेगावच्या नणंदबाई भेटायला आल्या, गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. चंदनाक्कांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या खांद्यावरून शेगडीवरचं दूध उतू जातंय का ते बघितलं. सकाळी देवळात जाऊन यायच्या, दुकान उघडायच्या, दुपारी डबा न्यायच्या, दिवस मावळायच्या आत जेवायच्या, कारण जैनांच्या घरी रात्री जेवत नाहीत. आज काय जेवलात असं विचारलं तर त्यांना आठवावं लागायचं. “दगड हाय बाई,” असं नणंदबाई कडेगावला जाऊन म्हणाल्या, ते एसटीपेक्षा लवकर मिरजेला परत आलं.

चंदनाक्का एवढंच म्हणाल्या, “त्यांच्या हाताला टाचणी टोचली तर कळत न्हाई. मला बी तसंच झालंय. कुठं टोचतंय तेच कळंना.”

तवनाप्पांना महिन्याभरानं घरी सोडलं. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, हात मांडीवर निपचित. बोलणं शिकवायला दवाखान्यातली मयूरी यायला लागली. मयूरी वाईची. वाईची म्हणजे शुद्ध. तिचा ‘न’ आणि ‘ण’ वेगवेगळा ऐकू यायचा, ही चैन आमच्याकडे कुणाला परवडत नाही. चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा घेऊन ती तवनाप्पांसमोर बसायची. एक चित्र दाखवायचं, त्यांनी नाव सांगायचं. पहिल्या दिवशी तिनं दाखवलेला उंट ती गेल्यावर त्यांच्या तोंडातून बाहेर पडला होता, हे मागाहून कळलं. मनुबाईंचा मागला जन्म तिथंच संपला.

पण कोडं वेगळंच होतं. उंट आला, गाय येईना. खुर्ची आली, दार येईना. साखर आली, मीठ येईना. कात्री आली, केरसुणी येईना. तवनाप्पा गाईच्या चित्राकडे बघून घाम फुटेपर्यंत धडपडायचे, मान हलवायचे, डाव्या हातानं गुडघ्यावर थापटायचे, आणि शेवटी रागानं ‘उंट!’ म्हणून मोकळे व्हायचे. टेबल, बस, डॉक्टर, बिल हे तर घडाघडा. गल्लीत नवीन बातमी झाली की तवनाप्पांना झटका बसला आणि इंग्रजी आलं.

“काका, तुम्ही माझी गंमत करताय का?” मयूरीनं एकदा विचारलं. “सर्कशीतले प्राणी येतात आणि गोठ्यातले नाही?”

तवनाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. लकव्याच्या माणसाला ते लवकर येतं, असं मयूरीनंच आधी सांगितलं होतं. तिनं घाईघाईनं पुढचा पत्ता काढला. बाजूला चंदनाक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. पत्ता निघाला की त्या खाली मान घालून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत.

“काकू, तुम्ही काय म्हणताय मघापासून?”

“काय न्हाई. आमच्यात कसं म्हणत्यात ते.”

“मोठ्यानं म्हणा की.”

चंदनाक्का लाजल्या नाहीत, हसल्या नाहीत. सांगायला सांगितलं म्हणून सांगितलं. मयूरी पत्ता दाखवत गेली आणि त्या म्हणत गेल्या. उंटाला ओंटी. खुर्चीला कुर्ची. साखरेला सक्करी. कात्रीला कत्री. मग गाय निघाली. “आकळा.” दार. “बागला.” मीठ. “उप्पू.” केरसुणी. “कसबरगी.”

मयूरी थांबली. तिनं पत्त्यांचे दोन गठ्ठे केले, दोन्ही भाषांत सारख्या शब्दांचा एक आणि वेगळ्या शब्दांचा एक. मग तवनाप्पांना काय काय सांगता आलं होतं ते आठवून बघितलं. ते जवळजवळ सगळं पहिल्या गठ्ठ्यात होतं. ती इतकी खूश झाली की तिनं चंदनाक्कांच्या सुपातल्या मूठभर शेंगा न विचारता खाल्ल्या.

“काकू, आपल्याला वाटतं की दोन भाषा म्हणजे डोक्यात दोन कपाटं. मराठी बोलताना एक उघडायचं, कन्नड बोलताना दुसरं. तसं नसतं. एक भाषा बोलत असलो तरी दुसरी जागीच असते. आता तुमच्या दुकानाचं शटर घ्या. जड आहे ना? दोन्ही बाजूंनी दोघांनी एकदम उचललं की?”

“वर जातंय.”

“तसंच. ‘खुर्ची’ म्हणताना काकांच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच शटरला हात लावतात. आता दोन्ही अशक्त झाल्यात, पण दोघी मिळून उचलतात. ‘पाणी’ म्हणायचं तर मराठीला एकटीलाच उचलायचंय, आणि शेजारी कन्नड स्वतःचं ‘नीर’चं शटर ओढत बसलीय. दोन्ही अर्ध्यावर अडकतात. सगळ्यांचं असंच होतं असं नाही हं. पण काकांचं हे असं दिसतंय.”

चंदनाक्का ऐकत होत्या. मग सालं गोळा करता करता म्हणाल्या, “म्हंजे खुर्ची, टेबल, बिल, दवाखाना, बाजार, कागद... बाजारातलं सगळं ऱ्हायलं. आनी पाणी, मीठ, दार, ये, जा, जेव, घरातलं सगळं गेलं.”

“साखर आहे की घरातली. तूप आहे, दोन्हीकडे तूपच ना? चहा आहे.”

“व्हय, न्हाई?”

“हो तर!”

“तसं न्हाई वो. ‘व्हय’ म्हणायचं आनी ‘न्हाई’ म्हणायचं, ते येतंय का त्यांना? आमच्यात व्हयला ‘हौद’ म्हणत्यात, न्हाईला ‘इल्ला’.”

मयूरीनं मान हलवली. हो आणि नाही दोन्ही वेगळ्या गठ्ठ्यातले.

चंदनाक्कांनी सूप भिंतीला लावून ठेवलं आणि पदराला हात पुसत विचारलं, “आनी मी?”

कुठल्या गठ्ठ्यात, हे शब्द त्यांनी म्हटले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

मयूरीनं भिंतीवरचा गोमटेशच्या लग्नातला फोटो काढला आणि तवनाप्पांसमोर धरला. बोट चंदनाक्कांवर. “काका, या कोण? नाव सांगा.”

तवनाप्पांनी फोटोकडे बघितलं, मग समोर उभ्या बाईकडे बघितलं. ओळख होती, ती डोळ्यांत दिसत होती. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. मग त्यांनी मान खाली घातली. मयूरीनं आपल्या फॉर्मवर फुली मारली.

“फुली मारू नका,” आतून आलेला गोमटेश म्हणाला. “बाबांनी आईचं नाव कधी घेतलेलंच न्हाई. आमच्यात घेत न्हाईत. आई बी बाबांचं घेत न्हाई.”

“मग हाक कशी मारायचे?”

आई आणि मुलगा एकमेकांकडे बघायला लागले. खरंच, कशी मारायचे? ‘अगं.’ ‘ऐकलंस का.’ ‘गोमट्या, आईला सांग.’ बायको तीन फुटांवर असली तरी ‘गोमट्या, आईला सांग.’ गोमट्या सहलीला गेला असला तरी. एवढ्या वर्षांच्या संसारात तवनाप्पांनी ज्या वस्तूला नाव नाही अशी एकच वस्तू घरात ठेवली होती, आणि ती म्हणजे बायको.

“म्हंजे मी दोनीत न्हाईच,” चंदनाक्का म्हणाल्या, आणि फोटो पुसून खिळ्याला परत लावला.

मयूरीला ते लागलं असावं. तिनं घरच्यांना अभ्यास दिला. काकांच्या कानावर हे नाव सारखं पडू द्या. बघू, धरतात का.

मग आमच्या गल्लीत जे सुरू झालं त्याला तोड नाही. गोमटेश बापाच्या समोर बसून आईकडे बोट करायचा आणि चोरी करताना सापडल्यासारखा हळूच म्हणायचा, “बाबा, ही... चंदनबाला.” लगेच कान धरून आईच्या पाया पडायचा. सून प्राची हे करायला साफ नकार देऊन माहेरी जायची भाषा करू लागली. मनुबाईंनी मात्र काम मनावर घेतलं. कुंपणावरून मान काढून त्या दिवसातून केव्हाही गरजायच्या, “चंदनबाला! ए चंदनबाला! तवनाप्पा, ऐकलासा का? चंद-न-बा-ला!” भाजीवाल्याला वाटलं मगदुमांकडे नवीन पाळणा हलला. दुधवाला विचारून गेला, बारसं कधी.

तवनाप्पा हे सगळं शांतपणे ऐकायचे. मनुबाईंनी हाक मारली की त्यांची नजर कुंपणाकडे जायची, हळूहळू वर चढायची, आणि तिथं थांबायची. नाव काही धरेनात.

चंदनाक्का भाकरी थापत असायच्या. स्वतःचं नाव असं दिवसभर ऐकून त्यांना ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं, असं त्या नंतर प्राचीला म्हणाल्या. कुणीतरी चंदनबाला हरवलीय आणि गल्ली शोधायलीय. सापडली तर बरं होईल, पण सापडली न्हाई तरी आपल्याला काय.

दिवाळीनंतर मयूरी म्हणाली, काकांना दुकानात नेऊन बसवा. माणसं दिसू द्या, आवाज ऐकू द्या. मग रोज सकाळी गोमटेश त्यांना रिक्षातून नेऊन जुन्या खुर्चीत बसवून कामावर जायचा. गल्ला आणि गिऱ्हाईक चंदनाक्कांकडे. त्या कन्नडवाल्यांना सहज सांभाळायच्या, मराठीवाल्यांना नेटानं. नवऱ्याची यादी त्यांना पाठ होती, फक्त त्या गिऱ्हाइकाला घाबरवत नसत. खप थोडा कमी झाला.

दुकानात दिवसभर एकच शब्द फिरायचा. अथणीची बाई यायची, “अक्का, थर्मास तोरसरी,” म्हणजे दाखवा. तासगावचा पोरगा यायचा, “अक्का, बारकी बादली हाय का?” दवाखान्यातल्या नर्स, समोरचा रिक्षावाला, चहावाला, सगळ्यांची अक्का. मराठीतही अक्का, कन्नडातही अक्का. दोन्हीकडं थोरल्या बहिणीला म्हणतात, आणि दोन्हीकडं थोरल्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या कुठल्याही बाईला. तवनाप्पा मागं खुर्चीत बसून ऐकत असायचे. मधूनच एखाद्या गिऱ्हाइकाला ‘चादर’ सुचवायचे, कारण चादर येत होती.

पौषातली दुपार होती. मनुबाई बादली घ्यायला म्हणून आल्या होत्या, म्हणजे बसायला आल्या होत्या. चंदनाक्का एका म्हाताऱ्याला चटई उलगडून दाखवत होत्या. मागून आवाज आला, “अक्का.”

“ओ! आलो!” चंदनाक्का मागं न बघताच म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया आलेच म्हणत नाहीत, आलो म्हणतात. दुकानातली दिवसभराची सवय, कुणीही हाक मारली की ओ जायची.

“अक्का.”

“आलो म्हणलं न्हवं, जरा दम...”

त्या वळल्या. मागं गिऱ्हाईक नव्हतं. मागं खुर्ची होती आणि खुर्चीत नवरा होता. तो त्यांच्याकडेच बघत होता.

मनुबाईंच्या हातातली बादली पडली. “अगं बया बया बया! नवरा बायकोला अक्का म्हणायलाय! तुला भैन केली की गं!”

म्हाताऱ्यानं चटई तशीच टाकली आणि काय झालं ते बघायला पुढं आला. तवनाप्पा तिसऱ्यांदा म्हणाले, “अक्का,” आणि डावा हात थोडा उचलला.

संध्याकाळपर्यंत गल्लीची सभा भरली. गोमटेश बापासमोर उकिडवा बसून समजावत होता, “बाबा, आई हाय ती. तुमची बायको. अक्का न्हाई म्हणायचं.” तवनाप्पा मान डोलवायचे आणि म्हणायचे, “अक्का.” नणंदबाईंनी कडेगावहून फोनवर सांगितलं की देवळात विचारून काहीतरी शांती करून घ्या, पुढच्या जन्मी भाऊबहीण व्हाल. “या जन्माचं बघू की आधी,” गोमटेश म्हणाला. मनुबाईंचं म्हणणं असं, की हे आजारपणाचं आहे, मनावर घ्यायचं नाही, तो आता कुठल्याही बाईला अक्काच म्हणणार. रिकामं मडकं हाय ते, त्यात काय पडलं तेच बाहेर येणार.

चंदनाक्का चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांना विचारलं कुणीच नाही. पण मनुबाई शेवटचं बोलल्या तेव्हा त्यांचा हात भाकरीवर थांबला. कुठल्याही बाईला. म्हणजे ती हाक त्यांची नव्हतीच, त्या नुसत्या मध्ये आल्या.

दुसऱ्या दिवशी मयूरी आली. सगळं ऐकून ती आधी उडालीच, मग गंभीर झाली. “शब्द दोन्ही भाषांत एकच, दिवसभर कानावर, म्हणून आला. पण तो नुसता आला की तुम्हालाच हाक मारली, ते बघायला हवं. बाकीच्या बायका कुठायत? बोलवा.”

प्राची पुढं आली. तवनाप्पांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. काही आलं नाही. मयूरी स्वतः समोर बसली. “डॉक्टर,” ते म्हणाले. ती नव्हती, पण खूश झाली. मग मनुबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, मान उंच केली आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाल्या, “बोला तवनाप्पा, मी कोण?”

तवनाप्पांची नजर पायापासून निघाली, हळूहळू वर चढत मानेपर्यंत गेली, तिथं थोडी रेंगाळली, आणि त्यांचा वाकडा चेहरा कित्येक महिन्यांनी खुलला.

“उंट,” ते म्हणाले.

गोमटेश दाराबाहेर पळाला. प्राचीनं तोंडात पदर कोंबला. मयूरी फॉर्मवर काय लिहावं या विचारात पडली. मनुबाईंनी पदर झटकला आणि म्हणाल्या, “शुद्धीवर आलाय मेला. पैल्यापासनंच असा हाय ह्यो,” आणि पाय आपटत गेल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून नेहमीपेक्षा जास्त बातम्या आल्या, तेव्हा कळलं की राग नाही.

हसणं ओसरल्यावर मयूरी चंदनाक्कांकडे वळली. “काकू, ती हाक तुमचीच आहे. आता तुम्ही सांगा. हे चालवायचं, की मोडून नाव शिकवायचं? नाव कदाचित येईल, कदाचित नाही. पण सारखं चूक चूक म्हणत राहिलो तर हेही म्हणायचे बंद होतील. मी असं झालेलं पाहिलंय.”

“लोक काय म्हणतील, आई?” गोमटेश दारातूनच म्हणाला.

चंदनाक्कांनी नवऱ्याची घसरलेली काठी खुर्चीला लावून ठेवली. मग म्हणाल्या, “लोकच म्हणत्यात की अक्का. ह्येनी बी म्हणू दे. आजवर अगं म्हणलं, तवा कोण हुतो मी?”

त्या आनंदानं म्हणाल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. चटई किती हाताची ते जसं सांगायच्या तसंच सांगितलं.

तेव्हापासून घरात दिवसभर ‘अक्का’ चालू असतं. नणंदबाईंनी सध्या येणं बंद केलंय. देवळातल्या पंडितांनी हसून, माणसानं हाक मारावी, एवढं पुरे, असं सांगितलं. ‘चंदनबाला’चा अभ्यास संपला.

परवा संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. दिवस मावळायच्या आतलं जेवण उरकत आलं होतं. चंदनाक्का आत तुपाची वाटी झाकत होत्या. बाहेरून हाक आली, “अक्का.”

“ओ,” त्या म्हणाल्या, आणि वाटी हातात घेऊनच बाहेर आल्या.

तवनाप्पा त्यांच्याकडे बघत होते. पुढचं वाक्य यायला हवं होतं. पाणी दे, दार लाव, इथं बस, काहीतरी. त्यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. ओठ थोडे हलले आणि थांबले. चंदनाक्काही थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, गेल्या इतक्या महिन्यांत नसतं तसंच. वाटी तिरकी झाली होती आणि तूप कडेशी येऊन थांबलं होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

“आई, तूप सांडतंय,” गोमटेश म्हणाला.

“सांडू दे,” त्या म्हणाल्या. “ओ दिलीया न्हवं मी.” आणि काठी थोडी बाजूला सारून त्या नवऱ्याच्या खुर्चीजवळ खाली बसल्या, वाटीसकट, तो पुढं काही बोलतो का ते बघत.